पंपावरच्या चपला

गोकुळाबाईला काळजी करायला कारण लागत नसे. काळजी आधी सुरू व्हायची, कारण मागाहून सापडायचं, आणि नाहीच सापडलं तर ती त्याचीही काळजी करायची. अमर लहान असताना शाळेतून यायला जरा उशीर झाला की ही वेशीपर्यंत जाऊन उभी. घुग्घुसच्या बाजारात झिंगे विकायला बसली की घरी चूल विझवली की नाही याचा घोर. शेजारणी हसत, आणि होतंही ते हसण्यासारखंच. मोहबोडीसारख्या गावात माणसानं एवढा घोर लावून घेतला तर दिवस निभायचा कसा? पण एक गोष्ट हसणाऱ्यांनाही कबूल होती. नवरा पाण्यात असताना काठावर माणूस हवं तर ते गोकुळाबाईसारखं.

नवरा म्हणजे इस्तारी. मोहबोडीत निम्मी वस्ती ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, पोहणं तिथे कोणी कोणाला शिकवत नाही. तरी बुडी मारावी ती इस्तारीनं. तो खाली गेला की काठावरचे लोक गंमत म्हणून आपलाही श्वास रोखून धरत, सोडत, पुन्हा धरत, पुन्हा सोडत. हा आपला खालीच. तलावात जाळं अडकलं, कोणाची बादली विहिरीत पडली, की इस्तारीला बोलावणं यायचं. तो हसत जायचा आणि गोकुळाबाई मागून तोंड बारीक करून जायची.

तिच्या या धास्तीला मूळ होतं, आणि ते तिच्या माहेरचं नव्हतं, सासरचं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरे देवाजी मासे धरायला वर्धा नदीत डोंगा, म्हणजे लहान होडी, घालायचे. एका सकाळी ते नदीवर गेले. दुपारी गावातली चार माणसं अंगणात येऊन उभी राहिली. त्यांच्यातल्या एकाच्या हातात देवाजींच्या चपला होत्या. सासूनं त्या चपला पाहिल्या आणि जे समजायचं ते समजली. त्या दिवसापासून त्या घरात एक रीत पडली. पाण्यात जाणारानं काठावर चपला काढल्या की त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ज्यानं ठेवल्या त्यानंच येऊन उचलायच्या. सासू होती तोवर यावरून ओरडायची, सासू गेल्यावर तिचं ओरडणं गोकुळाबाईकडे आलं.

मग गावाच्या पलीकडे वीज केंद्र झालं, खासगी कंपनीचं. कोळशाचे डोंगर आले, तो कोळसा भट्टीपर्यंत नेणारे रबरी पट्टे आले, आणि अमर मोठा होऊन त्या पट्ट्यांवरच कंत्राटी कामाला लागला. उन्हाळ्यात कोळसा कोणी न पेटवताही आतून धुमसतो, म्हणून कंपनीनं आग विझवायच्या पाण्यासाठी नदीतून भरायचं एक तळं खोदलं आणि त्याच्या बांधावर पंपघर बांधलं. एक पंप विजेवरचा. पण आगीच्या वेळी वीजच गेली तर? त्यासाठी दुसरा, डिझेलचा. गाव ज्याला नुसतं इंजन म्हणे तो हा. त्याच्या पाणी ओढायच्या नळाचं तोंड तळ्यात खोल, तोंडावर लोखंडी जाळी, आणि जाळीवर शेवाळ, प्लॅस्टिक, फाटकी जाळी, जे जे नदीतून येई ते ते येऊन चिकटे. ते काढायला माणूस हवा होता, आणि कंत्राटदार विचारत विचारत इस्तारीच्या दारात आला.

गोकुळाबाईनं त्या दिवशी चहा केला नाही, यावरून काय ते ओळखा. इस्तारी ऐकणारा नव्हता. मग तिनं अट घातली की काठावर दोरी मी धरीन. इस्तारीच्या कमरेला एक टोक, तिच्या मुठीत दुसरं. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ओढ. कंत्राटदाराला बाईमाणूस काठावर बसलेलं चमत्कारिक वाटलं, पण त्याला जाळी साफ होण्याशी मतलब. अशी ती बांधावरची झाली आणि बांधावरचीच राहिली. मूठ घट्ट करून बसायची ती नवऱ्याचं डोकं वर दिसेपर्यंत. अर्धा हिसका आला तरी ती उठून उभी राहायची.

पहिल्याच खेपेला इस्तारीनं पंप चालवणाऱ्या बापूरावला विचारलं होतं की हे इंजन चालू झालं तर जाळीपाशी काय होईल. बापूराव म्हणाला, माणूस जाळीला असा चिकटेल की चार जणांना निघणार नाही. इस्तारीनं मान हलवली. मग आपल्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर पायातून काढल्या, पंपघरात गेला आणि इंजन सुरू करायच्या पॅनलवर, बरोबर बटनासमोर, त्या ठेवून आला. बापूराव पोट धरून हसला. पण इस्तारी तळ्यात आणि त्याच्या चपला डोळ्यांसमोर, असं झाल्यावर त्याचं हसू आपोआप थांबलं. त्या दिवसापासून ती पंपघराचीही रीत झाली. निळ्या चपला पॅनलवर असल्या की बटनाकडे हात न्यायचा नाही, मग साहेब येवो की साहेबाचा साहेब. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं आणि कोणी लिहायचं मनातही आणलं नाही. कामाची चिठ्ठी कंत्राटदारानं आधी ऑफिसात द्यायची असे, पण ती कधी वेळेवर पोचायची, कधी कंत्राटदाराच्या खिशातच राहायची. चपला मात्र वेळेवर असायच्या.

इंजनाची चाचणी गुरुवारी होई. आठवड्यातून एकदा ते चालवून बघितलंच पाहिजे असा नियम. न चालवलेलं इंजन ऐन वेळी दगा देतं. गुरुवारी दुपारी त्याची घरघर सुरू झाली की मोहबोडीच्या बायका जनावरांना पाणी दाखवायला उठत, इतकी ती गावाच्या अंगवळणी पडली होती. जाळीचं काम मंगळवारी. दोन्हींत अंतर होतं, आणि गोकुळाबाई त्या अंतराच्या भरवशावर जगत होती.

पुढे कुठल्याशा दुसऱ्या वीज केंद्रात आग लागली आणि तिथलं इंजन सुरूच झालं नाही. सुरक्षेची देखरेख करणारी वरची मंडळी जागी झाली. त्यांनी नवा नियम आणला: गुरुवार वगैरे काही नाही, आम्ही येऊ त्या दिवशी, सांगू त्या क्षणी इंजन चालवून दाखवा. शिवाय ठरलेल्या मुदतीत चाचणी झाली नाही तर कोळशाचे पट्टे बंद, म्हणजे पर्यायानं वीज बंद. आता यात चूक काढायला जागा नाही. दिवस आधीच ठाऊक असला तर आदल्या दिवशी तेलपाणी करून कुठलंही इंजन चालतंच. अमर घरी येऊन हे सांगत होता तेव्हा गोकुळाबाईलाही ते पटलं. पोरगा पट्ट्यावर, आग विझवायचं इंजन धड असावं हे तिच्याइतकं कोणाला वाटणार? पण पटूनही तिला त्या रात्री जेवण गेलं नाही. कधीही म्हणजे कधी, एवढंच ती विचारत राहिली.

नव्या नियमाबरोबर नवे बूट आले. अश्वजित नावाचा सुरक्षा अधिकारी होता, ब्रह्मपुरीकडचा, तरुण, कामाचा पक्का. त्यानं कंत्राटी माणसांसाठी भांडून बूट मिळवले आणि फाटकाच्या आत चपला बंद केल्या. कोळशात पाय भाजलेली माणसं त्यानं पाहिली होती, त्याचंही खरंच होतं. इस्तारीच्या पायात जन्मात पहिल्यांदा बूट आले. काळे, चकचकीत, पुढे लोखंडाची वाटी. तो घरात ते घालून फिरला, अंगणात फिरला, कारण नसताना पानठेल्यापर्यंत जाऊन आला. ते चावत होते, पण हे त्यानं कबूल केलं नाही.

एप्रिल संपत आलेला. नदीतून पाणी घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर शेवाळ लोटत आलं आणि जाळी बुजली. पुढच्या मंगळवारची वाट बघत बसलो आणि पाहणीवाले आले तर इंजन पाणी ओढणार नाही, म्हणून कंत्राटदारानं बुधवारीच बोलावलं. इस्तारी बूट घालून निघाला. गोकुळाबाईच्या चपलेचा अंगठा नेमका फाटकात तुटला. उन्हानं बांध तव्यासारखा तापलेला. पण तिनं घरून निघताना इस्तारीच्या जुन्या निळ्या चपला पिशवीत टाकल्या होत्या. बूट चावणार आणि परत येताना हा लंगडणार, हे तिला माहीत होतं. त्या चपला तिनं स्वतःच्या पायात घातल्या. पहारेकऱ्यानं बाईमाणूस म्हणून तिकडे काणाडोळा केला.

पंपघरापाशी इस्तारीनं बूट काढले आणि ते हातात घेऊन आत निघाला.

“चपला ठेवा नं,” ती म्हणाली. “बूट काऊन?”

“पाहणीवाले येऊन राह्यले म्हणतेत. साह्यबायच्या म्होरं फाटक्या चपला मांडू काय?”

तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, तुला सगळ्यातच भ्या दिसते. बूट पॅनलवर ठेवून तो आला, दोरी कमरेला बांधली आणि पाण्यात उतरला. बापूराव तेव्हा पंपघरात नव्हता. त्याला फाटकावर बोलावलं होतं, कारण पाहणीवाले आलेच होते.

आता पुढे जे घडलं त्यात कोणी वाईट माणूस शोधू नका, मी पुष्कळ शोधून दमलो. पाहणीच्या मॅडमनी कोळशाचे पट्टे पाहिले आणि म्हणाल्या, आता डिझेलचा पंप चालवा. अश्वजितनं शिफ्ट ऑफिसात फोन करून विचारलं की तळ्यात काही काम चालू आहे का. ऑफिसात चिठ्ठी आलेली नव्हती, त्यांनी नाही म्हणून सांगितलं. बापूराव पुढे धावत पंपघरात आला. पॅनलवर त्याला काळे बूट दिसले. तसले बूट त्या दिवशी फाटकाच्या आत शेकडो पायांत होते, त्याच्याही पायात होते. पाहणीसाठी रंग मारायला आलेल्या पोरांपैकी कोणीतरी विसरला असेल असं त्याला वाटलं. मॅडमसमोर शोभा नको म्हणून त्यानं ते उचलून दाराबाहेरच्या मांडणीत, आणखी तसल्याच बुटांच्या रांगेत, नीट जोडीनं ठेवले. निळ्या चपला असत्या तर त्यानं जीव गेला तरी हात लावला नसता.

सगळ्यांनी आवाज अडवणाऱ्या टोप्या कानांवर चढवल्या आणि बापूरावनं बटन दाबलं.

बांधावर, पंपघराच्या मागच्या अंगाला, दारातून न दिसणाऱ्या जागी बसलेल्या गोकुळाबाईनं ती घरघर ऐकली. आधी तिला वाटलं, आपल्याच मनाचा खेळ. तिच्या मनात ती घरघर कितीदा होऊन गेली होती. मग मुठीतली दोरी ताठ झाली. हिसका नाही, काही नाही, नुसती ताठ, आणि खांबाला बांधल्यासारखी स्थिर. तिनं ओढली. पाय रोवून, अंगातलं होतं नव्हतं ते लावून ओढली. दोरी हलली नाही.

इतक्या वर्षांत तिनं दोरी कधी सोडली नव्हती. घाम पुसायलाही सोडली नव्हती. आता धरून बसली तर तो जाणार होता, आणि सोडावी तर हात उघडेना. शेवटी दातओठ खात तिनं ती दोरी बांधाच्या कठड्याला गुंडाळली, फेर मारला आणि पळत सुटली. त्या मोठ्या चपला पायांत अडखळायला लागल्या तशा तिनं त्या काढून हातात घेतल्या आणि तापलेल्या दगडांवरून अनवाणी धावली.

पंपघराच्या दारात तिनं बोंब मारली. तिची तिलाच ऐकू आली नाही. इंजनाचा आवाज छातीत बसत होता, सगळ्यांच्या कानांवर टोप्या, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे, आणि सगळे पाण्याचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होते. ती कोणाला हात लावून, कोणाला धक्का देऊन पुढे घुसली. कोणीतरी तिचा दंड धरला. ती बोलत होती, सगळं सांगत होती, आणि समोरचे तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते. मग तिला हातातल्या चपला आठवल्या. तिनं त्या पॅनलवर आपटल्या, बटनासमोर, जिथे त्या नेहमी असत.

बापूरावनं चपला पाहिल्या. त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही. त्यानं इंजन बंद करायचं लाल बटन दाबलं.

इस्तारीला वर काढलं तेव्हा त्याच्या छातीवर जाळीचे चौकोन उमटले होते आणि डावा खांदा निखळून भलतीकडेच गेला होता. अश्वजितनं त्याच्या छातीवर दाब दिला, तोंडानं श्वास भरला, आणि बऱ्याच वेळानं इस्तारीच्या तोंडातून पाणी आलं. कंपनीच्या गाडीतून त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. गाडीत गोकुळाबाई त्याच्या कमरेची दोरी धरून बसली होती. ती सोड म्हणून कोणी म्हणालं नाही.

दवाखान्यात त्याच्या तोंडात नळी घातली आणि मशीन त्याच्यासाठी श्वास घ्यायला लागलं. काचेबाहेर ती बसून असायची. डॉक्टर म्हणत, फुप्फुसात पाणी गेलं आहे, बघू. हे ‘बघू’ मेलं तिच्या मनात घर करून बसलं. आयुष्यभर नको तिथे काळजी केली आणि आता खरी वेळ आली तर काळजी करायचंही तिला सुचेना. ती नुसती त्याच्या छातीचं वरखाली होणं बघत बसे.

आणि तिकडे पंपघरात निळ्या चपला तशाच पॅनलवर होत्या.

बापूरावनं त्यांना हात लावायला साफ नकार दिला. दुसऱ्या शिफ्टचा माणूसही लावेना. अश्वजित एकदा तणतणत गेला, चपलाच तर आहेत म्हणाला, हात पुढे केला आणि मागे घेतला. बुटांना हात लावल्याचं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण चाचणीची मुदत काही कोणाच्या चपलांसाठी थांबत नसते. चौकशी होईतो इंजनाला सुट्टी होती, ती संपत आली. मुदतवाढ एकदाच मिळते, तीही अश्वजितनं मागून घेतली. तीही संपत आली तेव्हा तो दवाखान्यात आला. गोकुळाबाईच्या शेजारी बाकावर बसला.

मग त्यानं सांगितलं. तपासलेलं नसलेलं इंजन भरवशाचं नाही. उद्याही चाललं नाही तर पट्टे बंद करून वर कळवावं लागेल, आणि ते तो कळवेलही, त्याची तयारी आहे. पण पट्टे बंद झाले तरी कोळसा जागेवरच राहणार आणि धुमसायचा तो धुमसणारच. परवा एका पट्ट्याखालून धूर निघाला होता. वीज होती म्हणून दुसऱ्या पंपावर भागलं. तिथे अमर होता.

अमरनं हे घरी सांगितलं नव्हतं. गोकुळाबाईनं ऐकून घेतलं.

“साहेब, आमच्या घरी पाण्यातल्या मानसाच्या चपला दुसऱ्यानं उचलल्या म्हंजे तो मानूस गेला,” ती म्हणाली. “माह्या सासूले असंच समजलं होतं. मी कशी उचलू?”

हे चूक आहे, अंधश्रद्धा आहे, असलं काही अश्वजित बोलला नाही, याबद्दल मी त्याला मानतो. तो एवढंच म्हणाला की आता पॅनलला कुलूप लावलं आहे, पाण्यात माणूस असेल तेव्हा त्याची चावी काठावरच्या माणसाकडे राहील, आणि ते कुलूप त्यानं स्वतः बसवलं आहे. मग तो खाली जाऊन बसला, जिन्याखाली, जाणं त्यालाही जमेना.

ती रात्र तिनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. एकीकडे आत नवरा आणि एकीकडे धुमसणाऱ्या कोळशावर पोरगा, आणि मधे दोन फाटक्या चपला. उचलाव्या तर नवऱ्याच्या जिवाला हात लावल्यासारखं. न उचलाव्या तर जीव पोराचा, आणि एकट्या पोराचा नाही, त्या पट्ट्यावर मोहबोडीतली कितीतरी पोरं होती, त्यांच्याही आया होत्या. काहीही केलं तरी तिनंच केलं असं होणार होतं. इतका राग तिला कधी आला नव्हता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

सकाळी डॉक्टरांनी नळी काढून बघितली. इस्तारी स्वतः श्वास घेत होता, पण ताप होता, आणि पुन्हा नळी घालावी लागेल का ते संध्याकाळपर्यंत बघू म्हणाले. पुन्हा बघू. तिला आत सोडलं. तो डोळे अर्धवट उघडून पडला होता. त्याला काही सांगू नका असं बजावलं होतं, पण ज्या बाईनं आयुष्यात एक काळजी पोटात ठेवली नाही ती ही कुठून ठेवणार? तिनं त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. चपला पॅनलवर आहेत. कोणी उचलत नाही. इंजन बंद आहे. अमर पट्ट्यावर आहे.

त्यानं डोळे तिच्याकडे वळवले. मग त्याचा आवाज आला, घसा सोलल्यासारखा.

“ठेवल्या कोनं?”

तिला कळेना. चपला तुमच्याच की, ती म्हणाली.

“माह्या हायेत. पन ठेवल्या कोनं तिथी?”

बूट त्यानं ठेवले होते. चपला त्याच्या पायातून उतरल्या नव्हत्या, तिच्या उतरल्या होत्या.

“म्या,” ती म्हणाली.

“मंग तूच उचल.” त्यानं डोळे मिटले. “ज्यानं ठेवल्या त्यानं.”

हे तो शुद्धीत बोलला की तापात, हे तिला वाटभर ठरवता आलं नाही. अश्वजितच्या गाडीत ती पुढे बसली होती आणि दर थोड्या वेळानं त्यालाच विचारत होती की तो असं म्हणाला ते खरं धरायचं ना. अश्वजित म्हणे, धरायचं. तरी पंपघराच्या पायरीवर तिचे पाय अडले. बापूराव दारात हात जोडून उभा होता. त्या दिवसापासून तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

“वहिनी, माह्यानं नाई झालं,” एवढंच तो म्हणाला.

चपलांवर कोळशाची बारीक धूळ बसली होती. तिनं हात पुढे केला. तिनं चपला उचलल्या, पदरानं पुसल्या, खाली ठेवल्या आणि आपल्या पिशवीत टाकून त्या पायांत घातल्या. मग आधी बांधावर गेली. तळ्यात कोणी नाही हे तिनं वाकून पाहिलं, डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि बापूरावलाही आणखी एकदा बघायला लावलं. कोणी तिला घाई केली नाही. पाहणीच्या मॅडम आल्या होत्या, त्याही उन्हात उभ्या राहिल्या. तिनं मान हलवली तेव्हा अश्वजितनं कुलूप काढलं.

इंजन सुरू झालं. तिनं कठडा घट्ट धरला आणि चाचणी पुरी होईपर्यंत धरूनच ठेवला. जाळीपाशी पाणी खाली खेचलं जात होतं, वर नुसता भोवरा दिसत होता, आणि त्या भोवऱ्यात शेवाळाचा एक झुबका गरगर फिरून आत गेला. ते बघवत नव्हतं, तरी तिनं नजर काढली नाही. इंजन थांबलं, पाणी निवळलं, लांबवर कोळशाचे पट्टे चालल्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. आकडे बरोबर आहेत असं मॅडम कोणाला तरी सांगत होत्या. गोकुळाबाईनं ते ऐकलं नाही. तिला चंद्रपूरला जायचं होतं.

दवाखान्याच्या दारात नर्सनं तिला चपला बाहेर काढायला सांगितल्या. अंगठा शिवून घेतलेली आपली जोडी ती रोज काढत होती. आज मात्र ती नाही म्हणाली. इथे काढल्या आणि कोणी उचलल्या तर? नर्स काही बोलायच्या आत ती तशीच पुढे गेली. त्या लांब व्हरांड्यातून ती चालली तेव्हा तिला आपल्याच चालण्याचा आवाज येत होता. चपला तिला मोठ्याच होत्या, टाचेमागे फटक फटक वाजत होत्या. ती दारापर्यंत आली आणि आत जाण्याची तिची हिंमत होईना. भिंतीला टेकून ती उभी राहिली. काही ऐकू येतं का बघत राहिली.

आतून इस्तारीचा आवाज आला, बारीक पण त्याचाच, चिडका.

“घासत काऊन चालून राह्यली? पट्टा तुटन नं.”